ओल्ड बेली ऑनलाइन: युनिव्हर्सिटीचं लॉगिन नसलेल्या वाचकाने ब्रिटिश इतिहास कुठून वाचायला घ्यावा

ब्रिटिश इतिहास नीट वाचायचा म्हटलं आणि तुम्ही कुठल्या युनिव्हर्सिटीत नसाल तर पहिली अडचण येते ती पैशाची. अकॅडमिक प्रेसचं एखादं हार्डबॅक सत्तर-ऐंशी पौंडाला, म्हणजे आपल्याकडे कोणाच्या तरी महिन्याच्या रेशन-भाजीचा खर्च, आणि जर्नलमधला एक लेख वाचायचा तर तोही फुकट नाही. मी एकदा एका मोठ्या प्रकाशकाच्या साइटवर अठराव्या शतकातल्या लंडनवरचा वीस-बावीस पानांचा लेख बघायला गेलो तर पानाचा पहिला परिच्छेद दाखवून खाली पौंडातला आकडा आणि चोवीस तासांची मुदत. बरं ज्याने लिहिला त्या प्राध्यापकाला त्यातला एक पैसा मिळत नाही, तपासणारे रेफरीसुद्धा बहुतेक फुकटच काम करतात. मग माणूस नाद सोडतो नाहीतर विकिपीडियावर भागवतो. अशा सगळ्यांसाठी हा रिव्ह्यू आहे, कारण या सगळ्याच्या बरोब्बर उलट जाणारी 'ओल्ड बेली ऑनलाइन' ही साइट गेली वीसेक वर्षं चालू आहे आणि आपल्याकडे इतिहास वाचणाऱ्यांतही ती फार कमी लोकांना माहितीये.

ओल्ड बेली म्हणजे लंडनचं मुख्य फौजदारी कोर्ट, पूर्वी न्यूगेट तुरुंगाला लागून होतं, आणि आत्ताची जी घुमटवाली इमारत आहे ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तुरुंग पाडून त्याच जागी बांधलीय. या कोर्टात जे खटले चालायचे त्यांचे वृत्तांत १६७४ पासून छापून विकले जायचे, आधी अगदी चटकदार चोपड्या म्हणून, रस्त्यावर लोक विकत घ्यायचे, मग हळूहळू त्यांचं रूप गंभीर होत गेलं आणि शेवटी शेवटी वकील मंडळी सोडून फारसं कोणी वाचत नव्हतं. १९१३ च्या एप्रिलमध्ये छापणं बंद झालं. म्हणजे जवळजवळ दोनशे चाळीस वर्षं. हे सगळं, सुमारे १ लाख ९७ हजार खटले, १२ कोटींवर शब्द, शेफील्ड, हर्टफर्डशायर आणि ओपन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी मिळून टाइप करून, टॅग लावून २००३ पासून नेटवर टाकलंय. टिम हिचकॉक, रॉबर्ट शूमेकर आणि क्लाइव्ह एम्सली ही त्यामागची तीन मुख्य नावं. लॉगिन नाही, पैसे नाहीत, रजिस्ट्रेशनसुद्धा नाही. शोधा आणि वाचा.

आता फुकट आहे म्हणून चांगलं असं मी म्हणत नाहीये, फुकटात स्कॅन केलेली पुस्तकं ढिगाने मिळतात नेटवर, त्यातली निम्मी वाचता येत नाहीत. इथे काम बघा कसं केलंय. १८३४ पर्यंतचा मजकूर दोन वेगवेगळ्या टायपिस्टांनी स्वतंत्रपणे टाइप केला, मग दोन्ही फाइली कॉम्प्युटरने जुळवून बघितल्या आणि जिथे फरक दिसला तिथे माणसाने मूळ पान बघून दुरुस्त केलं. सतराव्या-अठराव्या शतकातली छपाई ज्यांनी बघितलीय त्यांना कळेल का हे गरजेचं होतं, तो लांब एस हा एफसारखा दिसतो, शाई पसरलेली, मशीनला सोडलं तर अक्षरशः कचरा मिळतो. १८३४ नंतरच्या भागात एकदा माणसाने टाइप केलं आणि दुसरी प्रत ओसीआरची, म्हणजे मशीनने पानाच्या फोटोवरून वाचलेली, त्या दोन जुळवल्या. शिवाय मजकुराच्या जोडीला मूळ छापील पानाचा फोटो आहे, शंका आली की लगेच बघता येतं. आणि प्रत्येक खटल्यावर खुणा लावल्यात, आरोप कुठला, निकाल काय, शिक्षा काय, आरोपी बाई की पुरुष, वय नोंदलं असेल तर वय. त्यामुळे 'खिसेकापूपणा, बायका, १७२० ते १७५०, शिक्षा काळ्या पाण्याची' असं काहीही एकत्र करून शोधता येतं आणि आकडे हवे असतील तर तक्तेसुद्धा काढता येतात.

पण मला यातलं सगळ्यात आवडतं ते नुसतं वाचणं. नेहमीचा अठराव्या शतकातला खटला अगदी छोटा असतो, पानभर किंवा त्याहून कमी. दुकानदार सांगतो की ही बाई रिबीन बघायला आली, अमुक बघितलं, तमुक बघितलं, काही घेतलं नाही, गेल्यावर माझ्या लक्षात आलं की एक गुंडाळी कमी आहे, मी मागे धावलो, पदराआड सापडली. मग नोकर येऊन तेच सांगतो. मग आरोपी, तिला वकील नाही (आरोपीच्या वतीने वकिलाने ज्युरीसमोर सगळी बाजू मांडायचा हक्क १८३६ मध्ये मिळाला, आणि आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष द्यायला १८९८ उजाडलं), ती म्हणते मला ती रस्त्यात सापडली. मग तिच्या बाजूने दोन शेजारणी, की ही कष्टाळू आहे. मग निकाल. आणि निकालात ज्युरीने केलेली एक करामत असते जी मी दर वेळी शोधून बघतो. १७१३ पासून घरातून ४० शिलिंग किंवा जास्त किमतीची चोरी म्हणजे थेट फाशी, दुकानातून लपून ५ शिलिंगची चोरी तीही १६९९ पासून फाशीच. तर ज्युरी काय करायची, आरोपपत्रात माल कितीही महाग लिहिलेला असो, 'दोषी, ३९ शिलिंगपुरती'. किंवा दुकानातल्या चोरीत '४ शिलिंग १० पेन्सपुरती'. बारा सामान्य माणसं, तिथल्या तिथे, कायदा न बदलता, एक जीव वाचवतायत. ब्लॅकस्टोनसारख्या कायदेपंडितानेही याची दखल घेतलीय, कुठल्याही चांगल्या पुस्तकात हे एका वाक्यात येतं, पण तुम्ही स्वतः सर्चमध्ये ३९ शिलिंग टाकून एकामागून एक खटले वाचायला लागलात की ते वाक्य आणि हे वाचणं यात केवढं अंतर आहे ते कळतं. आणि मधेच एखादी सापडते जिला ज्युरीने वाचवलं नाही, तसलाच माल, तसलीच साक्ष, आणि निकालात एकच शब्द, मृत्यू. का ते कुठेही लिहिलेलं नाही.

मराठी वाचकाने मात्र सुरुवात तिथून करू नये, मी तर सांगेन सरळ जुलै १९०९ काढा. मदनलाल धिंग्रांचा खटला याच कोर्टात चालला आणि याच वृत्तांतात छापलेला आहे. आपण सगळ्यांनी हे प्रकरण सावरकरांच्या चरित्रातून, इंडिया हाउसच्या गोष्टींतून वाचलंय, १ जुलै, इंपीरियल इन्स्टिट्यूट, धिंग्रांनी गोळ्या घातलेला इंग्रज अधिकारी कर्झन वायली, मधे पडलेले डॉ. लालकाका, सगळं पाठ असतं. पण इथे ते एकदम वेगळ्या अंगाने येतं. इथे साक्षीला येते ती धिंग्रांची घरमालकीण, बेजवॉटरच्या लेडबरी रोडवरची, ती भाडेकरू कसा होता ते सांगते. मग पिस्तूल विकणाऱ्या दुकानाचा माणूस. मग टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या शूटिंग गॅलरीचा मालक, धिंग्रा तिथे नियमित नेमबाजीचा सराव करायला यायचे, आणि त्याच दिवशी संध्याकाळीही आले होते. कोणी भाषण करत नाही, प्रत्येकजण आपण काय बघितलं तेवढंच सांगून जातो, आणि या कोरड्या ओळींमधून तो दिवस जसा उभा राहतो तसा मला कुठल्याही चरित्रात भेटला नव्हता. मग धिंग्रांचं पोलीस कोर्टातलं निवेदन वाचून दाखवलं जातं, की जर्मनांनी इंग्लंड व्यापलं तर त्यांच्याशी लढणं इंग्रजाला देशभक्ती वाटेल, मग मी इंग्रजांशी लढलो तर ते त्याहून जास्त न्याय्य का नाही, आणि कुठल्याही इंग्रजी कोर्टाला मला शिक्षा द्यायचा अधिकार नाही. लॉर्ड चीफ जस्टिस अल्व्हरस्टोन समोर बसलेले. धिंग्रांच्या बाजूने वकील नाही. २३ जुलैला एकाच दिवसात सगळं संपतं, १७ ऑगस्टला पेंटनव्हिल तुरुंगात फाशी.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. धिंग्रांचं जे दुसरं निवेदन आपल्याकडे जास्त प्रसिद्ध आहे, जे पोलिसांनी जप्त केलं होतं आणि फाशीच्या सुमारास डेली न्यूजमध्ये छापून आलं, ते आणि कोर्टात वाचलेलं हे, दोन वेगळी आहेत. मराठीत लिहिताना बरेच लोक दोन्ही एकत्र करून टाकतात. मूळ वृत्तांत फुकट उपलब्ध असताना तसं करायचं काही कारण उरत नाही. त्याच महिन्यात 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट' छापल्याबद्दल आर्थर हॉर्सली नावाच्या मुद्रकाला आणि सप्टेंबरमध्ये गाय अल्ड्रेड या तरुण इंग्रजाला राजद्रोहासाठी याच कोर्टात शिक्षा झाली, अल्ड्रेडला १२ महिने. श्यामजी कृष्ण वर्मांच्या या मासिकासाठी एका इंग्रज पोराला वर्षभराची शिक्षा झाली ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी असं मला मनापासून वाटतं. सावरकर मात्र इथे शोधू नका, त्यांना १३ मार्च १९१० ला व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडलं आणि प्रकरण बो स्ट्रीटच्या मॅजिस्ट्रेट कोर्टातून पुढे मुंबईला पाठवण्याकडे गेलं, ओल्ड बेलीत खटला झालाच नाही.

धिंग्रांच्या बरंच आधीचे हिंदुस्थानी लोकही यात आहेत. लास्कर असा शोध दिला की ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून आलेले खलाशी निघतात, कुठे आरोपी, कुठे फिर्यादी, कुठे साक्षीदार, आणि मधे दुभाष्या उभा. नावं इंग्रज लघुलेखकाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली, त्यामुळे एकाच स्पेलिंगवर अडून बसू नका, वेगवेगळ्या तऱ्हेने टाकून बघा. या कामात आपला वाचक इंग्रज संशोधकापेक्षा एक पाऊल पुढे असू शकतो, कारण ती वेडीवाकडी अक्षरं मोठ्याने वाचली की मूळ नाव आपल्याला पटकन ओळखू येतं. कोकण, सुरत, बंगाल, कुठकुठली माणसं असतील. कोणीतरी मराठीत यावर बसून काम करायला पाहिजे, साहित्य समोर पडलेलं आहे.

आता कमी काय आहे ते. सगळ्यात मोठी गोष्ट, ही कोर्टाची अधिकृत फाइल नाही, हे छापून विकलेलं प्रकाशन आहे, आणि प्रकाशक जे करतात ते सगळं यात झालेलं आहे. सुरुवातीच्या काळात सनसनाटी खटल्यांना जागा जास्त आणि साध्या चोरीला दोन ओळी. लंडन शहराच्या कारभाऱ्यांचं त्यावर नियंत्रण, त्यामुळे न्यायव्यवस्था बरी दिसावी याची काळजी. निर्दोष सुटलेल्यांचे वृत्तांत तुटपुंजे, आणि १७९० च्या सुमारास तर काही काळ ते छापायलाच बंदी होती, का तर चोरांना सुटायच्या युक्त्या कळतील. लैंगिक गुन्ह्यांच्या बाबतीत तर अठराव्या शतकाच्या शेवटाकडे कात्रीच चालली. याचं उदाहरण बघायचं तर ऑस्कर वाइल्डचा १८९५ चा खटला काढा. त्या वर्षीचं लंडन ज्याच्यावर बोलत होतं तो खटला, आणि इथे काय, नाव, आरोप, आणि तपशील छापण्याजोगे नाहीत अशा अर्थाची एक ओळ. बास. म्हणून आकडे काढताना जपून. 'अमुक दशकात अमुक गुन्हे वाढले' असं तक्ता बघून लगेच ठोकून देऊ नका, गुन्हे वाढले की खटले वाढले की फक्त छापणं वाढलं हे आधी बघावं लागतं. शिवाय हे एका शहराच्या मोठ्या कोर्टाचं आहे, किरकोळ गुन्हे खालीच मॅजिस्ट्रेटपुढे मिटायचे, ते इथे येतच नाहीत.

पण हे सगळे दोष मी शोधून काढलेले नाहीत, साइटवरच लिहिलेले आहेत, आणि मला या लोकांबद्दल आदर वाटतो तो यासाठी. या वृत्तांतांवर विश्वास किती ठेवायचा, कुठे ठेवायचा नाही, यावर वेगळी पानं आहेत, शूमेकरांनी स्वतः २००८ मध्ये जर्नल ऑफ ब्रिटिश स्टडीजमध्ये याच वृत्तांतांच्या निवडकपणावर लेख लिहिला. ज्या माणसाने आयुष्याची एवढी वर्षं घालून एखादी गोष्ट लोकांपुढे ठेवली तोच उभा राहून सांगतो की ही अर्धीच बाजू आहे, बाकीची अर्धी इथे नाही. स्कॉलरशिप म्हणतात ती हीच. तशीच बॅकग्राउंडची पानं, गुन्हे कसे वर्गीकरण करायचे, शिक्षा कुठल्या, लंडनमधले आयरिश, ज्यू, कृष्णवर्णीय लोक कसे राहायचे, हे सगळं सोप्या भाषेत, बीए-एमएच्या पोरांनी तर ही पानं आधी वाचावीत मग सर्चला हात लावावा.

याच कुटुंबातल्या दोन साइट अजून सांगतो, थोडक्यात. 'लंडन लाइव्ह्ज', १६९० ते १८००, यात छापीलबरोबरच हस्तलिखित कागद, गरिबांच्या मदतीच्या नोंदी, हॉस्पिटल, कोरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी), २ लाख ४० हजार पानं. आणि 'डिजिटल पॅनॉप्टिकॉन', ज्यात शिक्षा झालेली माणसं पुढे ऑस्ट्रेलियात किंवा इंग्लंडच्याच तुरुंगात गेली तर त्यांचं काय झालं हे वेगवेगळ्या नोंदी जोडून दाखवलंय, सुमारे ९० हजार लोक. ओल्ड बेलीत कोणी एका ओळीत संपतो तो कधीकधी इथे परत भेटतो, टास्मानियात, उंची किती, डोळ्यांचा रंग काय, अंगावर गोंदण कुठे. तासन् तास जातात.

तुलना करायची तर बाकीची दुनिया कशी चालते बघा. ब्रिटिश आणि आयरिश इतिहासावर काय काय लिहिलं गेलंय याची जी प्रचंड सूची रॉयल हिस्टॉरिकल सोसायटीने उभी केली ती २००९ पर्यंत कोणालाही फुकट बघता यायची. सरकारी फंडिंग थांबलं आणि २०१० पासून ती ब्रेपोल्स या प्रकाशकाकडे वर्गणीवर गेली. आता ती लायब्ररीने घेतली असेल तर आहे, नाहीतर नाही. ऑक्सफर्डचा राष्ट्रीय चरित्रकोश, २००४ ची ६० खंडांची आवृत्ती आणि त्यापुढची ऑनलाइन भर, ब्रिटनमध्ये बहुतेक पब्लिक लायब्ररीच्या कार्डावर घरबसल्या उघडतो, आपण बाहेरचे, आपल्याला कार्ड कुठलं. मी यांच्या कामाला नावं ठेवत नाहीये, चरित्रकोशाच्या तोडीचं काम जगात थोडं असेल, आणि संपादकांना पगार लागतो हेही खरं. पण ओल्ड बेलीसारखी साइट सार्वजनिक पैशावर बांधली जाऊ शकते आणि बांधल्यावर वीस वर्षं उघडी राहू शकते हे समोर दिसत असताना 'दुसरा मार्गच नाही' हे मला पटत नाही. चांगली बातमी अशी की वारं थोडं फिरलंय, इन्स्टिट्यूट ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आणि रॉयल हिस्टॉरिकल सोसायटी मिळून 'न्यू हिस्टॉरिकल पर्स्पेक्टिव्ह्ज' नावाची मालिका काढतात, नव्या संशोधकांची पुस्तकं, छापील हवी तर विकत आणि पीडीएफ सगळ्यांना फुकट. तिकडच्या सरकारी संशोधन निधीतून झालेल्या पुस्तकांनाही १ जानेवारी २०२४ पासून ठराविक मुदतीत खुलं करायची अट आलीय.

साइटच्या वापराबद्दल. इंग्रजी जुनी आहे पण घाबरण्यासारखी नाही, लोक बोललेत तसं लिहिलंय, न्यायालयीन भाषा फक्त आरोपाच्या पहिल्या दोन ओळींत, त्या सोडून पुढे गेलं तरी चालतं. शिलिंग-पेन्सचं गणित सुरुवातीला अडतं, १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड एवढं लक्षात ठेवा. मोठ्या स्क्रीनवर वाचा, मूळ पानाचा फोटो फोनवर बघताना डोळे दुखतात. शोधताना आधी काळ छोटा ठेवा, पाच-दहा वर्षांचा, नाहीतर हजारो निकाल येऊन काहीच वाचलं जात नाही. एक दशक घ्या, एकच गुन्हा घ्या, आणि त्यातले सगळे खटले ओळीने वाचा, निवडून नाही. चौथ्या-पाचव्या खटल्यानंतर तेच रस्ते, त्याच खानावळी, तेच रात्रीचे पहारेकरी परत परत भेटायला लागतात आणि मग ते शहर आपोआप डोक्यात बसतं.

आणि तुम्ही लिहिणारे असाल, ब्लॉग, दिवाळी अंकातला लेख, पीएचडी, काहीही, तर खटल्याचा क्रमांक नक्की द्या. प्रत्येक खटल्याला कायमचा क्रमांक असतो, टी हे अक्षर, मग सेशनची तारीख आठ आकड्यांत, मग खटल्याचा नंबर. तो दिला की वाचणारा ठाण्यात बसून असो की सांगलीत, अर्ध्या मिनिटात तेच पान उघडून तुमचं म्हणणं बरोबर आहे की नाही ते तपासू शकतो. माझ्याकडून पाचपैकी पाच. धिंग्रांचं पान आज रात्री वाचा, अर्धा तास पुरे.